घरातल्या झाडांना पुरेसा उजेड: नवं पान वाचून, मापून, जागा ठरवून

पुस्तकांच्या कपाटाशेजारी एका स्टुलावर माझा मॉन्स्टेरा (मोठ्या, चिरा असलेल्या पानांचा वेल) होता. तिथे दिवसा दिवा न लावता वाचता येतं, म्हणून झाडालाही तेवढा उजेड पुरत असेल असं मी धरून चाललो होतो. सात-आठ महिन्यांत त्याला तीन पानं आली. पहिलं चांगलं ताटाएवढं, दोन्ही कडांना चिरा असलेलं. दुसरं तळहाताहून थोडं मोठं, त्याला एकाच बाजूला एक चीर. तिसरं बिनचिरेचं, पत्त्यातल्या बदामासारखं, आणि देठ मात्र पहिल्या पानापेक्षा वीतभर लांब, खिडकीकडे ताणलेला. पाणी ठीक होतं, खत वेळच्या वेळी पडत होतं, कीड कुठे नव्हती. मग फोनवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजायचं ॲप घेतलं आणि फोन पानाच्या जागी धरला. आकडा आला २२०. खिडकीपाशी जाऊन धरला तर ४,८००. मधलं अंतर तीन मीटरही नव्हतं.

उजेड कमी पडतोय हे ती तीन पानं ओळीने सांगत होती, मला ते वाचता येत नव्हतं. मॉन्स्टेरा, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, कॅलेथिया, रबर प्लांट अशी उष्ण कटिबंधातली पानांची झाडं ज्यांनी घरात ठेवली आहेत, त्यांच्यासाठी ती वाचायची आणि त्याप्रमाणे जागा ठरवायची रीत इथे सविस्तर लिहितो आहे.

डोळे का फसतात

उजेड कमी झाला की डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि उरलेलं मेंदू सांभाळून घेतो. उन्हातून घरात आल्यावर पहिली दोन मिनिटं अंधारी येते, नंतर सगळं स्वच्छ दिसायला लागतं. खोलीतला उजेड तेवढाच असतो, बदललेले असतात आपले डोळे. झाडाला ही सोय नाही. पानावर जेवढा उजेड पडेल तेवढंच अन्न तयार होणार.

आकडे समोर ठेवले की हा फरक कळतो. स्वच्छ दिवशी भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशीही १०,००० च्या आसपास मिळतो. खिडकीच्या अगदी जवळ, थेट ऊन नसताना, काही हजार. आणि खोलीच्या मध्यावर बहुतेक वेळा १०० ते ५००. म्हणजे जिथे आपल्याला बसायला प्रसन्न वाटतं, तिथे बाहेरच्या उजेडाचा शंभरावा भागसुद्धा पोचत नाही.

‘ही सावलीतली झाडं, यांना उजेड लागत नाही’ असं रोप घेताना हमखास ऐकायला मिळतं. सावलीतली आहेत हे खरं. पण कुठल्या सावलीतली? दाट वर्षावनात जमिनीपर्यंत बाहेरच्या उजेडाचा साधारण १ ते २ टक्केच हिस्सा पोचतो. भर दुपारच्या १,००,००० लक्सचा १ ते २ टक्के म्हणजे १,००० ते २,००० लक्स, शिवाय पानांच्या फटींतून मधूनमधून सरकत जाणारे उन्हाचे कवडसे वेगळे. जंगलातली ही गर्द सावलीसुद्धा माझ्या कपाटाशेजारच्या कोपऱ्यापेक्षा पाच ते नऊ पट उजेडाची भरते.

त्यातही यातली बरीच झाडं त्या सावलीत राहायला तयार नसतात. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतला मॉन्स्टेरा जमिनीवर रुजतो आणि मिळेल त्या झाडाच्या खोडाला हवाई मुळांनी धरून वर चढतो. मॉन्स्टेराच्याच एका जातीचं कोवळं रोप सुरुवातीला चक्क सर्वांत गडद दिशेकडे सरकतं, कारण जंगलात गडद दिशेला जाड खोड असण्याची शक्यता जास्त. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे समोर आलं. एकदा खोड हाती लागलं की त्याचा सगळा जोर उजेडाकडे. मनी प्लांट मूळचा पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटाचा. कुंडीत त्याची पानं तळहाताएवढी राहतात, पण मोकळ्यावर मोठ्या झाडावर चढलेला वेल कधी पाहिला असेल तर आठवा: हातभर लांबीची, कडेला फाटलेली पानं, ओळखूच येत नाहीत. झाड तेच असतं. त्याला चढायला आधार आणि वर उजेड मिळालेला असतो.

पहिली पायरी: सर्वांत नवं पान पाहा

झाडाची तब्येत आपण जुन्या पानांवरून ठरवतो. पण जुनी पानं रोपवाटिकेत, भरपूर उजेडात घडलेली असतात. तुमच्या घरातल्या उजेडाबद्दल ती काही सांगू शकत नाहीत. तुमच्याकडे आल्यावर फुटलेलं तिसरं-चौथं पान मात्र पूर्णपणे तुमच्या खिडकीच्या उजेडावर बनलेलं असतं. म्हणून एक छोटी सवय लावा. नवं पान पूर्ण उलगडलं की त्याची लांबी पट्टीने मोजा आणि कागदाच्या पट्टीवर तारखेसह लिहून देठाला सैल बांधा. तीन पानांचे आकडे जमले की पुढचं आपोआप कळतं.

प्रत्येक नवं पान आधीच्याएवढं किंवा त्याहून मोठं असेल तर जागा योग्य आहे. लहान होत चाललं असेल तर उजेड कमी पडतोय, मग झाड कितीही हिरवंगार दिसो. त्यासोबत दोन पानांमधलं पेर बघा. खोडावर पेरं लांबत चालली असतील, म्हणजे पूर्वी दोन बोटांवर पान होतं आणि आता चार बोटांवर आहे, तर झाड उजेडाच्या शोधात उंची वाढवतं आहे. पान बनवायला लागणारा माल ते खोड लांबवण्यात घालवतं. देठ लांबणं, सगळी पानं एकाच बाजूला झुकणं ही त्याचीच रूपं. झुकण्यामागची यंत्रणा साधी आहे: वाढीचं संप्रेरक खोडाच्या अंधाऱ्या बाजूला जास्त साचतं, ती बाजू जास्त लांबते आणि शेंडा उजेडाकडे वळतो.

कमी उजेडाची आणखी एक खूण मातीत दिसते. झाड पाणी ओढत नाही आणि कुंडी आठ-दहा दिवस ओलीच राहते. खालची पानं एकेक करून पिवळी पडतात. हे पिवळेपण तहानेचं समजून आपण आणखी पाणी घालतो, आणि उजेडाअभावी सुरू झालेलं दुखणं मुळं कुजण्यावर जाऊन थांबतं. घरातली झाडं दगावण्याचं मला दिसलेलं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

जास्त उजेडाच्या खुणा वेगळ्या. पानाचा हिरवा रंग फिका, पिवळसर होतो. पानं कडेने वळतात किंवा उन्हाकडे कड करून उभी राहतात. थेट उन्हाने करपलं तर पांढुरके किंवा तपकिरी, कागदासारखे कोरडे चट्टे पडतात, आणि तेही खिडकीकडच्या बाजूलाच, जिथे एका पानाची दुसऱ्यावर सावली पडत नाही तिथे. बुरशीचे डाग कुठेही उमटतात आणि पसरतात. करपलेला चट्टा पसरत नाही आणि भरूनही येत नाही.

आता सुरळीबद्दल थोडं. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, कॅलेथिया यांचं नवं पान घट्ट गुंडाळलेलं बाहेर येतं, केळीच्या पोंग्यासारखं. पहाटे पाहिलंत तर टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला असतो. एक-दोन दिवसांत एक कड सुटते, मग आतली पोपटी, मेणासारखी मऊ पाती दिसायला लागते. बोटाचा दाब पडला तरी तिच्यावर वळ उठतो. मॉन्स्टेराच्या पानाची भोकं आणि चिरा या सुरळीच्याही आधी, पान अगदी बारीक असताना ठरलेल्या असतात. ठरावीक जागच्या पेशी तेव्हाच मरतात आणि पान वाढतं तशी ती जागा रुंदावते. उलगडलेल्या पानाला नंतर नवं भोक पडत नाही. म्हणून झाड आज खिडकीत नेलं तरी येणारं पान जुन्याच जागेचा हिशेब दाखवतं. माझ्या मॉन्स्टेराचं खिडकीजवळ आल्यानंतरचं पहिलं पानसुद्धा बिनचिरेचंच निघालं. दुसऱ्याला दोन चिरा होत्या, तिसऱ्याला सहा. एका पानावरून निकाल लावून झाड परत हलवू नका. किमान दोन पानं जाऊ द्या.

उलगडणाऱ्या कोवळ्या पातीवर दुपारचं थेट ऊन येऊ देऊ नका. तिची वरची त्वचा अजून जाड झालेली नसते, जुनं पान जे ऊन सहज सोसतं त्यात ती होरपळते.

दुसरी पायरी: जागा मापा

मापायच्या तीन रीती आहेत आणि पहिल्या दोघींना काहीच लागत नाही.

पानाच्या जागी डोळे न्या. झाड जमिनीवर असेल तर खाली बसा. तिथून खिडकीतून आकाश किती दिसतं? समोर नुसती भिंत किंवा दुसरी इमारत दिसत असेल तर खिडकी कितीही मोठी असो, उजेड थोडाच. खिडकीखाली जमिनीवर ठेवलेली कुंडी हे याचं नेमकं उदाहरण. खिडकीला लागून असूनही तिला आकाशाचा तुकडाही दिसत नाही. तीच कुंडी स्टुलावर चढवली की काम होतं, खर्च शून्य.

दुसरी सावलीची. दुपारी पानाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीत-दीड वीत अंतरावर हात धरा. बोटं वेगवेगळी ओळखू येतील अशी रेखीव सावली पडली तर उजेड भरपूर. पंज्याचा आकार कळतो पण कडा पुसट, तर मध्यम. नुसता काळसर ढग दिसतो किंवा तोही नाही, तर ही जागा झाडाला जेमतेम जगवेल.

तिसरी फोनची. लक्स मापणारं कुठलंही मोफत ॲप चालेल. बऱ्याच फोनमध्ये उजेडाचा सेन्सर पडद्याच्या वरच्या कडेला असतो, तिथे बोट येऊ देऊ नका. फोन पानाच्या जागी, पानाच्याच कलात, खिडकीकडे तोंड करून धरा. फोनाफोनात फरक पडतो, त्यामुळे आकडा तंतोतंत मानू नका. पण एकाच फोनने दोन जागांची तुलना केली तर ती विश्वासाची असते, आणि आपल्याला तेच हवं आहे.

एकदा सकाळी दहाच्या सुमाराला, खिडकीवर थेट ऊन नसताना, मी काचेपासून मागे सरकत आकडे घेतले. काचेशी ६,२००. एक मीटरवर १,९००. दोन मीटरवर ६५०. तीन मीटरवर २४०. प्रत्येक पावलाला उजेड असा कोसळतो, आणि डोळ्यांना मात्र खोलीभर सारखंच दिसत असतं. झाडासाठी काही एकच करायचं असेल, तर कुंडी अर्धा मीटर पुढे सरकवा. महागड्या खतापेक्षा त्याचा गुण जास्त येतो.

तिसरी पायरी: तासांचा हिशेब

एका क्षणाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. झाड दिवसभराची कमाई करत असतं. म्हणून लक्सला तासांनी गुणा. ५०० लक्स बारा तास म्हणजे ६,००० लक्स-तास. ४,००० लक्स आठ तास म्हणजे ३२,०००. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन २०,००० लक्सचं धरलं आणि दोनच तास मिळालं, तरी ४०,००० होतात. दोन तासांच्या त्या तिरपीची ताकद दिवसभराच्या मवाळ उजेडापेक्षा मोठी ठरते.

व्यावसायिक रोपवाटिकांमध्ये हाच हिशेब दर चौरस मीटरवर दिवसभरात किती मोल प्रकाशकण पडले अशा मापात करतात (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या). नैसर्गिक उजेडात साधारण १५,००० लक्स-तास म्हणजे १ मोल धरायला हरकत नाही. घरातल्या बहुतेक पानांच्या झाडांना २ ते ४ मोल, म्हणजे ३०,००० ते ६०,००० लक्स-तास मिळाले की नवी पानं चांगली धरतात. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला असे तीन आकडे एका दिवसात घ्या, सरासरी काढा, उजेडाच्या तासांनी गुणा. वहीतली दोन मिनिटं.

प्रत्येक पानाला जगण्यासाठीही खर्च असतो, ते रात्रंदिवस श्वसन करत असतं. कमाई या खर्चापेक्षा खाली गेली की झाड साठवणीतून जगतं, आणि साठवण संपेपर्यंत वरून काहीच दिसत नाही. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड चार-सहा महिने छान दिसतं आणि मग ‘अचानक’ जातं.

खिडकी कुठल्या दिशेची

पूर्वेची खिडकी या झाडांसाठी सर्वांत सोयीची, ऊन येतं पण करपवत नाही. पश्चिमेचं ऊन तेवढंच असतं, पण तोवर हवा आणि काच तापलेली असते, त्यामुळे तिथे पातळ पडदा हवा. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन खोलवर येतं, कारण सूर्य खाली असतो. उन्हाळ्यात तोच सूर्य डोक्यावर चढतो आणि त्याच खिडकीतून ऊन आत फारसं येत नाही. उत्तरेची खिडकी दिवसभर मवाळ उजेड देते. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलट वाचा. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वर्षातले काही आठवडे दुपारचा सूर्य नेहमीच्या बाजूला नसतो, पलीकडे सरकलेला असतो. एरवी शांत असलेल्या खिडकीत त्या दिवसांत ऊन शिरतं आणि पानं करपल्यावर आपल्या लक्षात येतं.

दिशेपेक्षाही वरचं छज्जं, समोरचं झाड, काचेवरची काळी फिल्म, मच्छरदाणीची जाळी यांनी जास्त फरक पडतो. जाळी उघडून एकदा आणि लावून एकदा फोनवर आकडा घ्या, किती उजेड अडतोय ते कळेल. तावदानं आतून-बाहेरून पुसा. झाडामागची भिंत पांढरी असेल तर मागच्या पानांनाही थोडा उजेड परतून मिळतो, गडद भिंत तो गिळून टाकते.

चौथी पायरी: कुठलं झाड कुठे

हे माझे कामचलाऊ आकडे, पानाच्या जागी दिवसाच्या मधल्या वेळेत मिळणारे. १,००० लक्सच्या आत स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि अग्लोनेमाच्या गडद हिरव्या जाती टिकतात. मनी प्लांट, सिंगोनियम, साधे फिलोडेंड्रॉन, पीस लिली, कॅलेथिया यांना १,५०० ते ४,००० मानवतं. मॉन्स्टेरा, अँथुरियम, अलोकेशिया, रबर प्लांट यांना ४,००० ते १०,००० द्या. क्रोटनला त्याहूनही जास्त आणि थोडं थेट ऊन हवं, नाहीतर त्याचे लाल-पिवळे रंग विझून नवी पानं नुसती हिरवी येतात.

स्नेक प्लांटवर मात्र फार अन्याय होतो. ती अंधारात तग धरते, म्हणून तिला अंधार आवडतो असा समज झाला आहे. तिची पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) रात्री उघडतात, पाण्याचा खर्च कमी, वाढ सावकाश, म्हणून ती खंगायलाही वेळ लावते. तीच कुंडी खिडकीत ठेवा आणि वर्षात किती नवी पाती फुटतात ते मोजा.

पांढऱ्या किंवा पिवळट पट्ट्यांच्या जाती वेगळ्या धरा. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग काही कमवत नाही. सगळा संसार हिरव्या भागावर. म्हणून त्याच झाडाच्या साध्या हिरव्या जातीपेक्षा अशा जातीला उजेड जास्त लागतो. पण थेट ऊन नको, कारण पांढरा भागच आधी करपतो. भरपूर पण गाळलेला उजेड, म्हणजे खिडकीशी पातळ पडद्याआड, ही तिची जागा. कॅलेथियाचंही थेट उन्हाशी जमत नाही, पानांवरची नक्षी उडून जाते.

पाचवी पायरी: हळूहळू हलवा

२०० लक्सवरचं झाड एकदम उन्हात नेलंत तर दोन दिवसांत पानं भाजतील. सावलीत घडलेलं पान पातळ आणि रुंद असतं, आतल्या पेशींचा थर कमी. उजेडात घडलेलं पान जाड असतं. एकदा घडलेलं पान नंतर थोडंफारच जुळवून घेऊ शकतं, खरं जुळवून घेणं नव्या पानातच होतं. म्हणून दर चार-पाच दिवसांनी अर्धा मीटर पुढे, असं दोन ते तीन आठवड्यांत खिडकीपर्यंत पोचा. थेट ऊन द्यायचं असेल तर सुरुवात सकाळच्या अर्ध्या तासाने करा.

उलट दिशेनेही हेच. रोपवाटिकेतून आणलेलं फायकस (रबर प्लांटच्याच जातकुळीतलं झाड) घरात आलं की पानं गाळतं, ते या बदलामुळेच. घाबरून त्याची जागा पुन्हा पुन्हा बदलू नका. चांगल्या खिडकीशी ठेवा, पाणी कमी करा, नवी पालवी फुटेपर्यंत थांबा.

जागा बदलली की पाण्याचं जुनं वेळापत्रक सोडून द्या. खिडकीशी आलेलं झाड दुप्पट वेगाने पाणी ओढू शकतं, अंधारात गेलेलं जवळजवळ थांबतं. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा आणि मगच घाला. खत फक्त नवी पानं येत असताना. ज्या झाडाला अन्न बनवायला उजेडच नाही, त्याच्या कुंडीत खताचे क्षार नुसते साचत राहतात.

खिडकीच नसेल तर दिवा

साधा पांढरा एलईडी दिवा पुरतो. जांभळ्या दिव्यांची गरज नाही. पानं हिरवी दिसतात म्हणजे हिरवा उजेड ती पूर्ण परतवतात असा समज आहे, पण त्यातला बराचसा हिस्साही ती वापरतात, आणि तो पानात खोलवर पोचतो. ४,००० ते ६,५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा दिवा घ्या. शिवाय पांढऱ्या दिव्यात पानाचा खरा रंग दिसतो, पिवळेपणा आणि कीड लवकर लक्षात येते. फोनवरचं लक्सचं मापही पांढऱ्या दिव्यालाच चालतं, जांभळ्याला नाही.

खोक्यावरचे वॅट बघून काही कळत नाही, पानावर किती लक्स पडतात तेच बघा. अंतराला फार महत्त्व आहे. एका बल्बखाली ६० सेंटिमीटरवर १,२०० लक्स मिळत असतील तर ३० सेंटिमीटरवर सुमारे ४,८०० मिळतात: अंतर निम्मं, उजेड चौपट. म्हणूनच छतावरच्या दिव्याने झाडाला फारसं काही मिळत नाही. दिवा खाली आणा, पण पानाशी हात धरून पाहा, ऊब लागली तर थोडा वर घ्या. पानावर ३,००० लक्स आणि बारा तास, म्हणजे ३६,००० लक्स-तास, एवढ्यावर मनी प्लांट किंवा फिलोडेंड्रॉन उत्तम वाढतो. बारा ते चौदा तासांचा टायमर लावा, कारण हाताने लावलेला दिवा चार दिवसांनी विसरला जातो. रात्री अंधार हवाच. कॅलेथिया संध्याकाळी पानं मिटून उभी करते आणि सकाळी पसरते. दिवा चोवीस तास ठेवून तिची ही लय मोडू नका.

रोजच्या हाताळणीतलं

पानांवरची धूळ उजेड अडवते. दोन-तीन आठवड्यांनी ओल्या मऊ फडक्याने पुसा, खालून दुसऱ्या हाताचा आधार देऊन. चकाकी येण्यासाठी तेल वगैरे लावू नका, त्याने धूळ आणखी चिकटते. पाणी घालताना कुंडी पाव वळसा फिरवा, म्हणजे झाड एका अंगाला झुकणार नाही. काठीवर चढवलेला मॉन्स्टेरा याला अपवाद. त्याला पुढची आणि मागची अशी बाजू असते. काठी खोलीच्या बाजूला, पानं खिडकीच्या बाजूला ठेवा आणि मग फिरवू नका. फिरवलंत तर प्रत्येक वेळी सगळे देठ नव्याने वळवण्यात त्याची ताकद जाते.

अंधारात ताणलेली पेरं उजेडात आणल्यावर आखूड होत नाहीत. तो भाग कापावा लागतो, पण लगेच नाही. आधी चांगल्या जागी दोन नवी पानं येऊ द्या, झाडाच्या गाठीशी काही जमू द्या. मग स्वच्छ धारदार कात्रीने पान जिथून फुटतं त्या सांध्याच्या बोटभर वर कापा. खाली राहिलेल्या खोडावरचा डोळा काही आठवड्यांत फुगून फुटतो. कापलेला शेंडा, त्याला किमान एक सांधा आणि जमलं तर एक हवाई मूळ असू द्या, पाण्यात किंवा ओलसर मिश्रणात रुजवा, तोही उजेडातच. अंधारात ठेवलेली कलमं मुळं धरण्याआधी कुजतात.

माझ्या मॉन्स्टेराचा ताणलेला भाग मी असाच कापला. आता स्टुल खिडकीशी आहे, कपाटाच्या कोपऱ्यात दिव्याखाली त्याचंच कलम. दोघांच्या देठांना कागदाच्या पट्ट्या बांधलेल्या आहेत. ऋतू बदलला, उन्हाची तिरीप सरकली, की फोन घेऊन दोन्ही जागांचे आकडे पुन्हा घेतो, आणि गरज पडली तर स्टुल एक हात पुढे किंवा मागे करतो.